मदत हवी आहे : एकाच बशीतल्या भ्रूणीय मूलपेशी वेगवेगळ्या वाटांनी का जातात?

नमस्कार. मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून माझा प्रकल्प उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींवर, म्हणजे शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या भ्रूणातल्या पेशींवर आहे. या पेशींना मूळ अवस्थेत टिकवणारे लिफ हे प्रथिन माध्यमातून काढून टाकतो आणि बशीच्या झाकणाला वीस-वीस मायक्रोलिटरचे थेंब उलटे टांगून त्यांत पेशींचे गोळे वाढवतो. पुढे ते बशीत चिकटू दिले की आठव्या-नवव्या दिवशी एखाद्या गोळ्याचा कोपरा हृदयाच्या स्नायूसारखा ठेक्यात आकुंचन पावू लागतो. ते पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी कितीतरी वेळ सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढू शकले नाही. शेजारचा गोळा मात्र निश्चल असतो. पेशी त्याच, माध्यम तेच, तापमानही तेच ३७ अंश. मग फरक येतो कुठून?

वाचनातून एवढे कळले की, प्रश्न केवळ जनुक चालू की बंद असा नाही. नीवा, मियाझाकी आणि स्मिथ यांनी २००० साली दाखवले की, ऑक्ट-४ या प्रथिनाचे प्रमाण दुपटीहूनही कमी वाढले, तरी पेशी आदिम अंतःस्तर व मध्यस्तर या भ्रूणाच्या सुरुवातीच्या थरांकडे वळतात आणि ते दाबले, तर वारेच्या पेशींकडे. मूळ अवस्था टिकवणाऱ्या नॅनॉग या दुसऱ्या प्रथिनाचे प्रमाण तर पेशीगणिक खाली-वर होत असते. ते उतरलेली पेशी विभेदनाकडे, म्हणजे विशिष्ट प्रकारची पेशी बनण्याकडे झुकते, पण पुन्हा मूळ स्थितीतही परतू शकते. माझा गोंधळ नेमका इथे आहे. परतीची वाट खुली असेल, तर निर्णय झाला असे कोणत्या क्षणी म्हणायचे?

शिवाय २०१३ साली पॉकलिन आणि व्हॅलियर यांनी मानवी पेशींमध्ये दाखवले की, विभाजनचक्राच्या जी-१ टप्प्याच्या (विभाजनानंतर पेशी वाढते तो टप्पा) आरंभी पेशी अंतःस्तराचा संकेत स्वीकारते, तर अखेरीस चेतापेशींकडे जाणारा. माझ्या एकेका थेंबात सुमारे पाचशे पेशी असतात, म्हणजे हे वैयक्तिक फरक एकमेकांत मिसळून सरासरी निघायला हवी. तरीही गोळे वेगळे वागतात. थेंबागणिक पेशींची संख्या मी मोजून पाहिली आहे, तिच्यात लक्षणीय तफावत नाही. म्हणून मला शंका येते की, आधी वळलेल्या मोजक्या पेशी शेजारच्यांना संकेत देऊन आपल्यामागे ओढत असाव्यात.

ही शंका तपासायची झाल्यास थेंब टांगण्यापूर्वी पेशी नॅनॉगच्या प्रमाणानुसार वेगळ्या कराव्यात, की चक्राच्या टप्प्यानुसार? चक्र औषधाने थांबवून पेशी एका टप्प्यावर आणल्या, तर ते औषधच निवड बदलून टाकेल अशी मला भीती वाटते. ज्यांनी स्वतः असे प्रयोग केले आहेत, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.