आंबेगाव ते बाणेर रोज दुचाकीने: बायपास की आतला रस्ता?

जांभळीचं_झाड
नमस्कार मंडळी. पुण्यात आंबेगाव बुद्रुकहून बाणेरला रोजचं जाणं-येणं सुरू होतंय. सकाळी साडेआठला निघायचं, परतीला रात्रीचे नऊ-साडेनऊ. गाडी १२५ सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, सीबीएस (पुढचा-मागचा ब्रेक जोडलेला) आहे, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. हायवेचा बायपास सरळ पडतो, पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावरच्या ट्रकच्या अपघातांबद्दल वेगळं सांगायला नको. दुसरा पर्याय आतून वडगाव, सिंहगड रस्ता, राजाराम पूल, कर्वेनगर, कोथरूड, चांदणी चौक, बावधन, पाषाण. वेळ जास्त लागला तरी चालेल. बायपासने जायचंच झालं तर कुठल्या लेनमध्ये राहायचं, ट्रकपासून नेमकं कसं वाचायचं, आणि गाडीत काय तपासून घ्यायचं? "हळू चालवा" एवढंच सोडून काहीही सांगा.

क्लीनर_साइड
तो उतार असा का आहे हे आधी समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल.

चाळीस टनांचा भरलेला ट्रक शंभर मीटर उंची उतरला की त्याला साधारण ४ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एक लिटरभर डिझेल जाळल्यावर निघते तेवढी ही उष्णता. ट्रक खालच्या गिअरमध्ये असेल तर बरीचशी इंजिन खातं. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरवर. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून लांब पडतो, शिवाय तापलेल्या लायनरची पकडच जाते. पॅडल पूर्ण दाबलेलं असतं, हवेचा दाबही असतो, पण ट्रक थांबत नाही. बातमीत "ब्रेक फेल" येतं. खरं तर ब्रेक तुटलेले नसतात, भाजलेले असतात. आणि एकदा वेग वाढला की परत गिअर पडत नाही. कुणी इंजिनच बंद केलेलं असेल तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंगही जातं.

त्यातून असा ट्रक खाली येतो तो नेमका तिथे, जिथे नऱ्हे-वडगावची स्थानिक वाहतूक हायवेला मिसळते आणि रांग लागते. नोव्हेंबर २०२२मध्ये एका अवजड वाहनाने नवले पुलाजवळ ओळीने कित्येक गाड्या उडवल्या. नोव्हेंबर २०२५मध्ये दोन अवजड वाहनांच्या मध्ये मोटार चेपून आग लागली. दोन्ही वेळी पुढे रांग आणि मागे न थांबणारा ट्रक.

यातून दुचाकीवाल्याला कामाच्या गोष्टी अशा. रांगेच्या शेपटीला, दोन मोठ्या गाड्यांच्या मधल्या फटीत कधीही उभं राहायचं नाही. वेग कमी करायला लागल्यापासूनच ब्रेक दोन-तीनदा हलका दाबून मागचा दिवा लुकलुकवा. थांबताना डाव्या कडेला, पुढच्या गाडीपासून निदान एक गाडीभर जागा सोडून थांबा. हँडल मोकळ्या बाजूला वळवलेलं, पहिला गिअर, क्लच दाबलेला, नजर आरशात. तुमच्या मागे दोन-तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या की मगच न्यूट्रल. जळक्या लायनरचा वास एकदा नाकात गेला की विसरत नाही. तो आला, किंवा मागून लांबलचक हॉर्न नि सगळे इंडिकेटर लावलेला ट्रक दिसला, तर त्याच्याशी शर्यत नको. रस्त्याच्या बाहेर उतरा, मग तिथे खडी असो की गवत.

दुसरं, ट्रकची डावी बाजू. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे क्लीनर साइडला ड्रायव्हरला सगळ्यात कमी दिसतं. क्लीनर नसेल तर तिकडे बघणारं कुणीच नाही. सपाट नाकाच्या ट्रकला बंपरच्या अगदी पुढ्यातली दुचाकीही दिसत नाही. लांब कंटेनर डावीकडे वळतो तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या आतून कापत येतात. पुढचा भाग बाहेर गेला म्हणून फट दिसते, आणि तीच फट मागे बंद होते. सर्व्हिस रोडच्या तोंडाशी ट्रकच्या डावीकडून घुसणं म्हणून जिवावर बेततं. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

तीन_सेकंद
वरचं सगळं मान्य. अंतराचा हिशोब जोडतो, कारण "अंतर ठेवा" म्हणजे किती हे कुणी सांगत नाही.

कोरडा रस्ता, चांगले टायर, धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद (हे फार उदार मोजमाप आहे, दिवसभर काम करून परतताना दीड धरा):

ताशी ४० किमी: ११ मीटर विचारात, १० मीटर ब्रेकमध्ये, एकूण २१.
ताशी ६० किमी: १७ आणि २३, एकूण ४०.
ताशी ८० किमी: २२ आणि ४१, एकूण ६३.

४०चे ८० केले की अंतर तिप्पट होतं. ओल्या रस्त्यावर ब्रेकमधलं अंतर दीडपटीहून जास्त धरा. गंमत म्हणजे उतारामुळे दुचाकीचं थांबायचं अंतर फार वाढत नाही, ६०ला एक-दोन मीटर. उताराचा खरा धोका मागून येतो.

रात्रीची परतीची वाट मला सकाळपेक्षा जास्त खटकते. तेव्हा तुम्ही चढावर असता. भरलेले ट्रक वीस-पंचवीसने रांगत असतात, काही बंद पडून डाव्या लेनमध्ये उभे असतात, मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. डिपरवर न चमकणारी वस्तू चाळीस-पन्नास मीटरवर दिसली तर नशीब. ६०ने जाताना ५० मीटर म्हणजे तीन सेकंद. म्हणून अंधाऱ्या पट्ट्यात ५०च्या वर जाऊ नका. पुढे मोकळं असेल तर अप्पर मारा, समोरून कुणी आलं की लगेच खाली.

लेनबद्दल: डावी लेन, पण तिच्या उजव्या चाकोरीत. म्हणजे मोटारीचं उजवं चाक जिथून जातं त्या रेषेवर. कडेची खडी आणि उभ्या गाड्या टळतात, पुढच्या ट्रकच्या उजव्या आरशात तुम्ही दिसता, आणि बाजूने घुसणाऱ्याला तुमची जागा फुकट मिळत नाही.

वडगावकर_जुने
लेनबाबत असहमत. डाव्या लेनच्या उजव्या चाकोरीत राहिलात तर मधल्या लेनचा कंटेनर तुमच्या खांद्याला हवा लावून जातो. कंटेनर वेगात असेल तर त्या झोतानेच शंभर-सव्वाशे किलोची गाडी हलते. आधी बाहेर ढकलल्यासारखं होतं, मग आत ओढल्यासारखं.

माझं स्पष्ट मत: सकाळी उतारावर मुख्य रस्त्याला जायचंच नाही. सर्व्हिस रोड धरा. पण तोही सलग नाही, मध्येच तुटतो आणि तुम्हाला हायवेवर ढकलतो. शिवाय उलट्या दिशेने येणारे. आपल्याकडे सर्व्हिस रोड ही दोन्ही बाजूंनी चालवायची वस्तू आहे असा समज आहे. तिथे ३०-३५च्या वर जाऊ नका, आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटसमोर दोन बोटं ब्रेकवर.

तीन_सेकंद
झोताचं बरोबर आहे. कंटेनर आरशात मोठा होताना दिसला की चाकोरी सोडून लेनच्या मध्यावर या, तो गेला की परत. हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा. आणि "सकाळी मुख्य रस्ता नको" याला माझंही अनुमोदन. रस्ता निवडताना किलोमीटर मोजू नका. किती ठिकाणी वेगळ्या वेगाची वाहतूक आडवी येऊन मिसळते ते मोजा. नवले पूल, वडगाव, वारजे, चांदणी चौक, प्रत्येक ठिकाणी कुणी चढतंय, कुणी उतरतंय. आतल्या रस्त्यावर धडक होण्याच्या जागा कमी नाहीत, पण तिथे सगळेच तीस-पस्तीसने असतात. तीसची धडक बहुतेकदा हाडावर भागते, सत्तरची भागत नाही.

नळस्टॉप_गॅरेज
गाडीचं बोलू.

सीबीएस म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. थोडाच. पूर्ण ताकद हवी तर पुढचा वेगळा दाबावाच लागतो. बरेच जण पुढच्या ब्रेकला घाबरून आयुष्यभर पायावर गाडी थांबवतात आणि ऐनवेळी मागचं चाक घसरवतात. एबीएस नाही, म्हणून पुढचा ब्रेक झटक्याने नाही, पिळत दाबायचा: आधी हलका, पुढच्या शॉकअपवर वजन आलं की जोरात. चाक लॉक झालं तर क्षणभर सोडून पुन्हा. गाडी तिरकी असताना किंवा चाकाखाली कच असताना पुढचा ब्रेक जपून. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानात आधी ३०ला, मग ४०ला सराव करा. नवीन गाडी घेणार असाल तर १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, तो फरक पैशाचा समजू नका.

तपासायचं ते असं. टायरची हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना. आकडा चेनकव्हर किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. दोघे बसणार असाल तर मागचा आकडा वेगळा आणि बराच जास्त असतो, तो कुणी वाचतच नाही. नक्षीच्या खोबणीत आडवा उंचवटा असतो, टायर झिजून त्याच्या बरोबरीला आला की संपला. दुचाकीला ती मर्यादा ०.८ मिमी आहे, पण पावसाळ्याआधी दीड मिमीला बदललेला बरा. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर नक्षी असूनही कडक झालेला असतो आणि ओल्यात घसरतो.

मागच्या ड्रमच्या बाहेर छोटा बाण असतो. ब्रेक पूर्ण दाबल्यावर तो खुणेपर्यंत गेला तर लायनर बदला, नट आवळत बसू नका. पॅडलला दोन-तीन सेंटिमीटर मोकळी चाल ठेवा. तीही काढून टाकली तर ब्रेक सतत घासतो, तापतो, आणि ट्रकचं वर जे सांगितलंय तेच तुमच्या गाडीचं होतं. डिस्कचं ऑइल दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल ओढतं, आणि तापल्यावर लिव्हर स्पंजसारखा लागायला लागतो. चेनला दोन-तीन सेंटिमीटर झोल. मागचा दिवा दोन्ही ब्रेकनी लागतो का ते रोज भिंतीकडे पाठ करून बघा, पाच सेकंदांचं काम. पायाच्या ब्रेकचा स्विच हमखास बिघडतो आणि मालकाला महिनोन्महिने पत्ता नसतो.

आरसे काढून टाकले असतील तर आजच लावा. स्टायलिश छोटे नकोत, कंपनीचेच.

पट्टा_आवळा
हेल्मेटवर कुणी बोललं नाही, म्हणून थोडक्यात. फुल फेसच. अर्ध्या हेल्मेटमध्ये हनुवटी-जबडा उघडा. आयएसआयच्या शिक्क्यासोबत आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. जून २०२१पासून हा शिक्का नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायलाच बंदी आहे, तरी रस्त्याकडेला ढीग दिसतात. भुवयांच्या बोटभर वरून टेपने घेर मोजा आणि त्या मापाचं घ्या. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून मागून वर-पुढे ओढा. डोक्यावरून निघालं तर माप चुकलं किंवा पट्टा सैल. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाद, बाहेरून तडा दिसत नसला तरी आतलं थर्माकोल दबलेलं असतं. काळी काच रात्री बंद, आणि ओरखडे पडलेली काच समोरच्या दिव्यात पांढरी होते. नवी काच तीन-चारशेत मिळते, लोक ती सोडून सगळं बदलतात.

जांभळीचं_झाड
मनापासून आभार. ठरलं: सकाळी आतून, आणि रात्रीही आतूनच. दोन शंका. समोर अपघात झालेला दिसला तर नेमकं काय करायचं, आणि पोलिसांचं लफडं मागे लागतं का? आणि कात्रज-कोंढवा रस्त्यासारखे खड्डे-खडीचे पट्टे कळवायचे कुठे?

क्लीनर_साइड
१०८ला फोन, पोलिसांसाठी ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. आधी स्वतःची गाडी रस्त्याबाहेर, मग कुणाला तरी निदान तीस-चाळीस मीटर मागे, हायवेवर त्याहून बरंच लांब, कडेला मोबाइलचा टॉर्च हलवत उभं करा, नाहीतर दुसरी धडक त्याच जागी होते. जखमी श्वास घेत असेल तर हेल्मेट काढू नका, उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. रक्त जात असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका. रिक्षात कोंबून नेण्याची घाई मणका मोडलेल्याला महागात पडते. लफड्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १३४अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. मे २०२५पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखांपर्यंत विनारोकड उपचारांची केंद्राची योजना आहे, ती तिथल्या नातेवाइकांना सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसते.

वडगावकर_जुने
खड्ड्यांचं: रस्ता कुणाचा ते आधी ठरवा. शहरातला महापालिकेचा, बायपास राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, घाटातले बरेच सार्वजनिक बांधकाम विभागाचे. चुकीच्या दारात गेलेली तक्रार "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत येते. तक्रारीत दिशा, लेन, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक, आणि लोकेशनसह दोन फोटो: एक लांबून, एक खड्ड्यात चप्पल ठेवून, म्हणजे खोली कळते.

आणि छोटे वाटणारे अपघातही पोलिसांत नोंदवा. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले की महामार्गावर तो ब्लॅक स्पॉट ठरतो. हाड मोडून परस्पर घरी गेलेला माणूस त्या मोजणीत येतच नाही.