वाडा परिवार, सेलू : माहूरच्या गाडीचं

पिंट्या, रात्री 8:12
नाना, राग मानू नका, पण गाडीचं बोलायचंय. आज ढेंगळी पिंपळगावच्या पुढं पंक्चर झाली. जॅक जिथं लावतात तिथंच लावला. गाडी उचललीच नाही, जॅकच पत्र्यात घुसला. कचकन. हातात भुगा आला चहापत्तीसारखा. फोटो टाकलाय.

बंडू (पुणे), 8:14
हेच मी दिवाळीत बोललो होतो. तेव्हा सगळे हसले.

नाना, 8:19
पासिंग 2028 पर्यंत आहे.

आत्या (जिंतूर), 8:20
रविवारी माहूरला किती जण ते नक्की सांगा. दशम्या आदल्या दिवशी कराव्या लागतात.

पिंट्या, 8:21
आत्या, तेच तर विचारायलो. ह्या गाडीत जायचं का?

नाना, 8:25
जॅक वाकडा लावला असशील. अण्णांनी घेतलेली गाडी आहे. आजपर्यंत एकदाही रस्त्यात सोडलं नाही. इंजिन आजपण एका स्टार्टरला उठतं.

दत्ता (वाळूज), 8:33
नाना, इंजिनचा प्रश्नच नाही. जुन्या जीपला खाली वेगळी चेसिस असते, बॉडी तिच्यावर ठेवलेली. आपल्या व्हॅनला तसं नाही. पत्रा हीच चेसिस. पिंट्याचा जॅक घुसला ती दाराखालची पोकळ पट्टी म्हणजे घराची तुळई समजा. धडक बसली तर जोर तिच्यावर येतो. सीटबेल्टचा खालचा बोल्टपण तिच्याशेजारीच. पत्रा कुजला तर बेल्ट लावला काय आन् नाही लावला काय.

मामा, 8:34
🌹 शुभ रात्री. आजचा सुविचार : माणसं जपा 🌹

गणेशदादा, 8:36
खालून हवा येते, एसी फुकट 😂

काकू, 8:38
हसायचं सुचायलंय तुम्हाला. माईंना बसवून नेणार आहात त्या गाडीत.

काकू, 8:38
अन् 2022 ला एवढं वेल्डिंगचं काम केलं ना? भाऊजींच्या ओळखीच्या माणसाकडं.

भाऊजी (मानवत), 8:45
ओळख माझी होती, मान्य. पैसेपण मीच दिले होते, वर्गणी अजून यायची आहे. आता बोटं दाखवणं सोपं आहे. असो.

दत्ता (वाळूज), 8:49
भाऊजी, तुम्हाला कोणी नाव ठेवत नाही. पण त्यानं गंज कापून काढलाच नाही. कुजक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून चार टाके मारले, लांबी भरली, वरून काळं अंडरकोटिंग फासलं. ओल आतच कोंडली. वरून चकचकीत दिसते म्हणून इतके दिवस कळलं नाही.

नाना, 8:52
सेलूत कुठून आला एवढा गंज? प्यायला पाणी नाही इथं.

बंडू (पुणे), 8:53
नंबर बघा की. एमएच 08. रत्नागिरीची सेकंडहँड. खारी हवा खाऊनच आली होती.

दत्ता (वाळूज), 8:57
ते एक. दुसरं, काळी माती. चिखल दाराखालच्या छिद्रांत बसला की आतलं पाणी निघत नाही. तिसरं, खताच्या गोण्या. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच. मॅटखाली सांडलेलं कोणी झाडलं का कधी?

गणेशदादा, 8:59
आता खतावर आलं का? खत काय माझ्या एकट्याच्या रानात गेलं? सोयाबीनचा हिशोब घेताना सगळे येतात, गाडी धुवायला एकटा मी.

नाना, 9:01
पासिंग 2028 पर्यंत आहे. पीयूसीपण काढलेली आहे.

दत्ता (वाळूज), 9:02
पीयूसीत धूर बघतात नाना. खाली वाकून पत्रा कोण बघतंय. तुम्ही स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन मॅटखाली ठोका. टणक आवाज आला तर मी चूक.

आत्या (जिंतूर), 9:03
किती जण? आठ का अकरा?

बंडू (पुणे), 9:06
सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या. सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते. गल्लीतल्या भंगारवाल्याला देऊ नका, कागदावर गाडी आपल्याच नावावर राहते.

नाना, 9:07
नवी गाडी पुण्याहून पाठवायलास का?

बंडू (पुणे), 9:07
🙏

माई, 9:20
🎤 0:47

काकू, 9:24
माईंचं सगळ्यांनी ऐका. ऐकू येत नसेल त्यांना सांगते : अण्णा असते तर त्यांनी लेकरांना त्या गाडीत बसवलं नसतं, असं म्हणायल्यात.

पिंट्या, 10:10
नाना अंगणात बॅटरी घेऊन बसलेत. ठोकायचा आवाज येतोय. मी जाऊ का?

काकू, 10:11
नको जाऊ.

नाना, 10:48
ड्रायव्हरच्या पायाखालूनपण आरपार गेला.

नाना, 10:49
माहूरला भाड्याची जीप किती घेते?

भाऊजी (मानवत), 10:52
विचारून सांगतो. ह्यावेळी वर्गणी आधी.

आत्या (जिंतूर), 10:53
जीप म्हणजे अकरा धरू ना?