फुजी १९७६: लाउडाने गाडी सोडली ते बरोबर की चूक?

अनवट_वळण:
फॉर्म्युला वन कार शर्यतींचा ड्रायव्हर निकी लाउडा, त्याची तीन जगज्जेतेपदं (१९७५, १९७७, १९८४) सगळ्यांना पाठ असतात. मला त्याने हातची घालवलेल्या चौथ्याबद्दल बोलायचंय. २४ ऑक्टोबर १९७६, जपानमधलं फुजी, मोसमातली शेवटची शर्यत. लाउडाचे ६८ गुण, प्रतिस्पर्धी जेम्स हंटचे ६५. पाऊस, धुकं, ट्रॅकवर तळी साचलेली. दोन फेऱ्या मारून लाउडा पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागी, आला आणि सरळ गाडीतून उतरला. हंट तिसरा आला आणि ६९-६८ असा जिंकला. माझ्या मते लाउडाच्या कारकिर्दीत याहून धाडसी निर्णय दुसरा नाही.

पिटमधला_पाना:
उगाच उदात्तीकरण नको. हंट तिसरा आला तरी लाउडाला पाचवा नंबर पुरत होता. आणि पाचवा आला कोण? क्ले रेगाझोनी. लाउडाच्याच फेरारी संघाचा, त्याच पाण्यात! पुढे पाऊस थांबून ट्रॅक वाळला, हंटला टायर बदलायला थांबावं लागलं. मागे राहून गाडी सांभाळत नेली असती तरी जमलं असतं. जगज्जेत्याकडून एवढीही अपेक्षा करायची नाही?

संथ_फेरी:
अहो, रेगाझोनीच्या पापण्या जळल्या नव्हत्या! त्याच वर्षी १ ऑगस्टला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर लाउडाची गाडी पेटली, बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याला ओढून काढला. फुप्फुसांत विषारी धूर गेलेला. हॉस्पिटलात पाद्री अंतिम विधीही करून गेला. सहा आठवड्यांनी हा माणूस इटलीतल्या मोन्झाच्या शर्यतीत चौथा! जखमा ओल्याच होत्या, हेल्मेट काढताना पट्ट्या रक्ताने माखलेल्या. डोळे धड मिटत नसताना पुढच्या गाडीच्या फवाऱ्यात शिरायचं म्हणजे आंधळी कोशिंबीरच. शिवाय फिटिपाल्डी आणि पाचे या ड्रायव्हरांनीही त्या दिवशी गाड्या थांबवल्या होत्या. त्यांना कोणी भित्रं म्हणत नाही.

पिटमधला_पाना:
मोन्झाला दंडवतच. भित्रा मीही म्हटलेलं नाही. पण फिटिपाल्डी किंवा पाचे यांचं जेतेपद पणाला नव्हतं, लाउडाचं होतं. आणि ती तीन गुणांची आघाडी तरी कुठली? त्याच मोसमात इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या शर्यतीत हंट पहिला आला होता. फेरारीच्या तक्रारीनंतर त्याचे ९ गुण गेले आणि विजय लाउडाच्या नावावर लागला. माझ्या लेखी ते जेतेपद हंटचंच.

अनवट_वळण:
ब्रँड्स हॅचचा मुद्दा बिनतोड, मान्य. पण फुजीत फोर्गिएरी, म्हणजे फेरारीचा मुख्य इंजिनिअर, इंजिन बिघडल्याचं सांगायला तयार होता. लाउडानेच नको म्हटलं. खोटं कारण आयतं हातात असताना ते नाकारलं, म्हणून मी धाडस म्हणतोय. पुढच्या वर्षी त्याच फेरारीला जेतेपद मिळवून दिलं आणि दोन शर्यती बाकी असताना निघूनही गेला. उपकार फिटले!

संथ_फेरी:
आणि १९८४च्या जेतेपदात लाउडाने अॅलन प्रॉस्ट या ड्रायव्हरला फक्त अर्ध्या गुणाने हरवलं. मोनाकोची शर्यत पावसामुळे मध्येच थांबवली, म्हणून जिंकूनही प्रॉस्टला नवाऐवजी साडेचारच गुण मिळाले होते.

पिटमधला_पाना:
मोनाकोसाठी वेगळा धागा काढा. तिथे मी प्रॉस्टच्या बाजूने भांडणार आहे.