मोठ्या मुलांसाठी आधी प्रतिपालक, मग दत्तक: पटतं का?

माळरान
तान्ह्या बाळासाठी 'कारा'कडे (केंद्राची दत्तक यंत्रणा) नाव नोंदवून लोक तीन-तीन वर्षं थांबतात. त्याच वेळी बालगृहांत सात, नऊ, अकरा वर्षांची मुलं तशीच अठराची होतात. केंद्राच्या 2024 च्या प्रतिपालकत्वाच्या (फॉस्टर केअर, म्हणजे कायद्याने आईबाप न होता मूल घरी सांभाळणं) सूचनांत मला एक वाट दिसते. सहा वर्षांवरचं मूल आधी प्रतिपालक म्हणून घरी न्यायचं. दोन वर्षं नीट गेली आणि मूल कायद्याने दत्तकासाठी मुक्त (म्हणजे दत्तक देता येईल असं घोषित) असलं, तर त्याच घराला दत्तक घेता येतं. पूर्वी ही मुदत पाच वर्षं होती. एकट्या व्यक्तीलाही आता मूल नेता येतं, एकट्या पुरुषाला मात्र मुलगाच.

माझं मत: मोठ्या मुलांसाठी हीच मुख्य वाट करावी. 'आपल्याला झेपेल का' म्हणून कचरणारी बरीच घरं यातून पुढे येतील. पटत नसेल तर कारण लिहा, नुसतं '+1' नको.

शेवंती
अजिबात पटलं नाही. 'नीट गेली तर' म्हणजे कोणाची? दोन वर्षं मुलाने शहाण्यासारखं वागून दाखवायचं आणि मग तुम्ही ठरवणार? आणि पैशाचं काय? केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून फॉस्टर घराला मुलामागे महिन्याला 4,000 रुपये मिळतात, दत्तक झालं की ते बंद. मग दत्तकाचा अर्ज भरायची घाई कोण करेल? घ्यायचं तर सरळ दत्तक घ्या.

दोन_वेण्या
आमची लेक घरी आली तेव्हा सात पूर्ण होती. घरात पाहुणे आले की ही भिंतीला टेकून ताठ उभी राहायची, हात जोडायची आणि प्रार्थना सुरू. संस्थेत पाहुणे म्हणजे देणगीदार, कोणाचा तरी वाढदिवस साजरा करायला आलेले. माझे दीर पेढे घेऊन आले तर तिने पेढा घेऊन त्यांना 'धन्यवाद सर' म्हटलं. पाणी प्यायलासुद्धा विचारायची. हे गोड दिवस, बरं का.

मग धीर आला आणि भांडणं सुरू झाली. 'तू माझी आई नाहीस' म्हणून चपला घालून जिन्यात जाऊन बसायची. त्या काळात आमच्याकडे 'अजून दोन वर्षं बघू' अशी सोय असती तर मी तिचा वापर केला नसता, हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यामुळे शेवंतीताईंशी सहमत.

घंटेवाला
बारा वर्षं बालगृहात काम केलंय. तुम्ही दोघं ज्या मुलांवरून भांडताय त्यातली बरीचशी दत्तकाला मोकळीच नाहीत. कोणाची आई धुणीभांडी करते, कोणाचे आईबाप सहा महिने उसतोडीला. त्या पोरांना नवे आईबाप नकोत, स्वतःच्या घरी राहता येईल एवढी मदत हवी. त्यासाठी राज्याच्या बालसंगोपन योजनेचे महिन्याला 2,250 रुपये आहेत, तेही थकतात.

उरली ती, ज्यांना वर्षानुवर्षं कोणी भेटायलाच येत नाही. टाकून दिलेलं मूल दोन वर्षांवरचं असेल तर बाल कल्याण समितीने चार महिन्यांत त्याला मुक्त घोषित करायचं, असा कायदा आहे. पण कागदावर कुठला तरी मामा असतो. तो येत नाही आणि 'सोडतो' म्हणून सहीही करत नाही. फाइल तिथेच अडते.

माळरान
घंटेवाले, तुमच्या मामावाल्या मुलांसाठीच तर फॉस्टर! फाइल हलेपर्यंत त्यांनी बालगृहातच का राहायचं?

शेवंती, पैशाचा मुद्दा बिनतोड आहे, पण थेट दत्तकातही अंतिम आदेशाआधी मूल परत जाऊ शकतं. नियमांतच तशी तरतूद आहे. तेव्हा परतीचं दार एकाच वाटेला आहे असं नाही.

शेवंती
दार असणं वेगळं आणि दोन वर्षं ते उघडं ठेवून संसार करणं वेगळं.

रविवारचा_बाजार
एवढी चर्चा कशाला? लोकांना गोरं, तान्हं आणि 'आपल्यातलं' हवं असतं. संपला विषय.

सायली_नागपूर
संपला नाही. मी 46 वर्षांची, अविवाहित. आठ-दहा वर्षांच्या मुलीचा विचार करतेय. वयामुळे अडेल का?

घंटेवाला
नाही. आठ वर्षांवरच्या मुलासाठी एकट्या पालकाला 55 पर्यंत चालतं, जोडप्याच्या वयांची बेरीज 110 पर्यंत. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला हेच आकडे 40 आणि 85 आहेत. तुमच्या आणि मुलीच्या वयात 25 वर्षांचं अंतर हवं, ते आहेच. आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन या.

दोन_वेण्या
सायली, थेट दत्तकाची नोंदणी करा. मुलीची संमतीही विचारतात, तिच्याशी आधी बोलायला मिळेल.

माळरान
मी उलट सांगेन. नोंदणी कराच, पण त्या कक्षात फॉस्टरचंही विचारा. मामावाली एखादी दहा वर्षांची तुमच्याच जिल्ह्यात असेल.

शेवंती
आणि दोन वर्षांनी मामा उगवला तर? सायलीने काय करायचं, तेही लिहा.