मदत हवी आहे: पोलो जीटीचे ब्रेक ट्रॅकसाठी कसे करावेत?

मंडळी, मी जळगावचा. गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेस ट्रॅकवर पुन्हा जायचंय. मागच्या खेपेला जोरात काही लॅप मारल्यावर पेडल स्पंजी होऊन खोल जायला लागलं, गाडी थंड झाल्यावर परत टणक. म्हणजे ब्रेक ऑइल उकळत असावं. आत्ता डॉट ४ दर्जाचं ऑइल आहे. नवं असताना ते किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता तग धरतं, पाणी शोषलं की ही मर्यादा १५५ वर येते. डॉट ५.१ ला हेच आकडे २६० आणि १८०. तेवढ्याने भागेल?

खरा पेच पॅडचा. गाडी चालवतच न्यायची आहे, त्यामुळे निव्वळ रेसचे पॅड नकोत. चाळीसगाव सोडून कन्नड घाटात शिरलो की गार पॅडनेही पहिल्या दाबाला धरलंच पाहिजे. मोठ्या डिस्कची घाई नाही. आधी ऑइल, पॅड, स्टील ब्रेडेड होज (स्टीलच्या जाळीने मढवलेली ब्रेक ऑइलची नळी). हा क्रम बरोबर आहे ना? आणि जळगाव, भुसावळ किंवा धुळ्यात स्कॅनर लावून एबीएसचं ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं) नीट करणारा मिस्त्री कुणाला ठाऊक आहे का?