मदत हवी आहे : श्वासाचं इंजेक्शन आधीच दिलं तर चालेल का?

तापीकाठ : लवकर सांगा. मागच्या खेपेला पोटातच गेलं. या वेळी बाहेर यायच्या आधीच डॉक्साप्राम टोचलं तर श्वास चालू राहील ना? किती द्यायचं एवढंच हवंय.

जामनेरकर : कोणाला? वहिनींना? कितवा महिना? इथं विचारत बसू नका, दवाखाना गाठा!

तापीकाठ : शेळी आहे हो. दुसरं वेत. पाच महिने भरत आले.

अमळनेरची ताई : माझ्या बहिणीला सातव्या महिन्यात फुप्फुसांसाठी इंजेक्शनं दिली होती. बाळ ठणठणीत आहे. तेच द्या.

गुरांचा डॉक्टर, धुळे : ताई, ती स्टिरॉइडची. शेवटच्या दिवसांत शेळीला दिली तर ती आधीच विऊ शकते.
तापीकाठ, पोटातलं करडू छाती हलवतं, पण हवा घेत नाही. फुप्फुसात पाणी असतं, ऑक्सिजन वारेतून येतो. बहुतेक रक्त फुप्फुसाला वळसा घालून जातं, हृदयात आणि मोठ्या धमनीजवळ त्याला वाटा असतात. डॉक्साप्राम मानेतल्या रक्तवाहिनीजवळच्या गाठीला आणि मेंदूला डिवचतं. मेंढीच्या गर्भात त्यानं छातीची हालचाल वाढते, हे प्रयोगांत दिसलंय. पण त्यानं ऑक्सिजन वाढत नाही, उलट स्नायूंना तो जास्त लागतो. ऑक्सिजन घटला की आपण धापा टाकतो, गर्भ मात्र हालचाल थांबवून तो वाचवतो. त्यालाच चाबूक का मारायचा? मागचं कसं गेलं? अडलं होतं का? किती वेळ?

तापीकाठ : डोकं वळलं होतं. रात्रभर कळा.

गुरांचा डॉक्टर, धुळे : मग कारण तेच! औषधाचा प्रश्नच नव्हता, वेळेवर हात घालणारा हवा होता.

पारोळ्याचा भाऊ : आमचे आजोबा मागचे पाय धरून गरागरा फिरवायचे. करडू हमखास रडायचं. इंजेक्शन कशाला?

गुरांचा डॉक्टर, धुळे : फिरवू नका. नाकातोंडातला चिकटा पुसा, करडाला छाती जमिनीला टेकवून बसवा, नाकात गवताची काडी घाला, कोरड्या गोणपाटानं चोळा. डॉक्साप्राम लागलंच तर जन्मल्यावर, आणि डॉक्टरांच्या हातून.

पारोळ्याचा भाऊ : आजोबांनी शेकडो वाचवली, साहेब.

जामनेरकर : शेळी उस्मानाबादी का? बाजारात भाव काय चाललाय?

तापीकाठ : भाव नंतर. ती आत्ताच बसली, पाणमोट दिसतेय. जनावरांच्या दवाखान्याच्या १९६२ नंबरवर फोन लावतोय.