मदत हवी आहे: टीजीए-एफटीआयआरमध्ये वायूचं शिखर उशिरा का येतंय?

नमस्कार मंडळी. काचतंतू आणि इपॉक्सीचं लॅमिनेट तापवल्यावर कोणते वायू निघतात ते तपासतोय. टीजीएला (नमुना तापवत त्याचं वजन मोजणारं यंत्र) गरम नळीने एफटीआयआर (अवरक्त किरणांनी वायू ओळखणारं यंत्र) जोडलंय. वातावरण नायट्रोजनचं, तापमानवाढ मिनिटाला १० अंश, नमुना साधारण २० मिग्रॅ, नळी २०० अंश सेल्सिअसवर.

वजन घटण्याचा वेग कमाल होतो, त्यानंतर बऱ्याच उशिरा वायूचं शिखर दिसतं, आणि तेही पसरट, लांब शेपटीचं. अवरक्त वर्णपटात २३५० सेमी⁻¹ जवळ कार्बन डायऑक्साइड आणि ३६५० जवळ फिनॉल व्यवस्थित दिसतात. इपॉक्सीचा मूळ घटक असलेला बिस्फिनॉल-ए मात्र गायब! तो जड रेणू. वितळतो १५८ अंशांच्या आसपास, पण उकळतो त्याच्या कितीतरी वर. म्हणून तो नळीतच चिकटत असावा असा माझा संशय आहे. शेपटीचं कारणही बहुधा तेच.

नळी आणि गॅस सेल (एफटीआयआरमधली वायू तपासायची पेटी) २५० अंशांपर्यंत नेले तर फरक पडेल का? की नमुना ५ मिग्रॅवर आणून वाहक वायूचा प्रवाह वाढवावा? प्रवाह वाढवला की वायू विरळ होतो आणि सिग्नल बसतो, ही अडचण आहेच. दोन नमुन्यांच्या मध्ये नळी कशी साफ करता, तेही सांगा.

आणखी एक. याच नमुन्यांचं पुढे मास स्पेक्ट्रोमीटरवर (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं यंत्र) काम आहे. तिथे नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघेही वस्तुमान २८ वरच येतात, त्यामुळे नायट्रोजनऐवजी आर्गॉन वापरायचा विचार आहे. हेलियम परवडत नाही. आर्गॉनवर कुणी काम केलंय का?